चित्र आधी, अक्षर मागून

"ह्यात वाचायला आहे तरी काय? नुसती चित्रंच तर आहेत!"

लहान मुलांसाठी पुस्तक घ्यायला दुकानात गेलेल्या आपल्यापैकी पुष्कळजणी हे वाक्य म्हणतात आणि हातातलं पातळसं, रंगीत पुस्तक परत जागच्या जागी ठेवून देतात. मग त्याच पैशांत बाराखडी, पाढे, फळांची नावं, प्राण्यांची नावं असं सगळं एकत्र कोंबलेलं जाडजूड पुस्तक घेऊन समाधानाने घरी येतात. बटाटे वजनावर घ्यावेत, तशी पुस्तकंही आपण अक्षरांच्या वजनावर घेतो. जितकी अक्षरं जास्त, तितके पैसे वसूल! मैत्रिणींनो, आज मला त्या परत ठेवलेल्या पातळ पुस्तकाची बाजू मांडायची आहे.

आधी थोडं माझ्याविषयी सांगते. माझं सासर भातकुली, माहेर अकोल्याकडचं. अमरावतीजवळचं हे गाव तिथल्या जैन मंदिरामुळे दूरदूरच्या यात्रेकरूंना ठाऊक आहे. आम्हां बायकांना मात्र ते खाऱ्या पाण्याचं गाव म्हणून जास्त ठाऊक! पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजायला रुसते. कपाशी, तूर, सोयाबीन आणि हरभरा ही आमची पिकं. बी.ए. झाले, लग्न झालं, दोन मुलं झाली आणि धाकटा शाळेत जाऊ लागल्यावर गावातल्या एका शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गांना अर्धवेळ शिकवू लागले. अर्धवेळ म्हणजे पगार अर्धा आणि काम मात्र डबा भरण्यापासून वह्या तपासण्यापर्यंत पूर्णवेळ, हे निराळं सांगायला नकोच.

दोन वर्षांपूर्वी एका सद्गृहस्थांनी आपल्या आईच्या स्मरणार्थ शाळेला पाच हजार रुपये दिले. अट एकच, ते लहान मुलांच्या पुस्तकांवर खर्च करायचे. शिक्षकांच्या खोलीत लगेच चर्चा सुरू झाली. कोणी म्हणालं, स्वाध्यायपुस्तिका घ्या, परीक्षेला उपयोगी पडतील. कोणी म्हणालं, थोर पुरुषांची चरित्रं घ्या. मुख्याध्यापकांनी मात्र पैशांचं पाकीट माझ्या हाती दिलं आणि म्हणाले, "मॅडम, पहिली-दुसरी तुमची. तुम्हीच ठरवा." पाच हजार ही रक्कम सरकारदरबारी किरकोळ असेल, पण आमच्या शाळेत असा योग पुन्हा कधी येईल कोण जाणे! एकेक पुस्तक पारखून घ्यायला हवं होतं. ह्यांच्या मोटारसायकलवर बसून मी दोन रविवार अमरावतीची दुकानं पालथी घातली, काही पुस्तकं पुण्याहून टपालाने मागवली, आणि त्या निमित्ताने ह्या विषयावर जमेल तेवढं वाचूनही काढलं.

चित्रांची ही परंपरा जुनीच

चित्र दाखवून शिकवणं ही काही साहेबाकडून आलेली नवी टूम नव्हे. आपल्या सिंधुदुर्गात, कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजातले चित्रकथी पिढ्यान् पिढ्या कागदावरची चित्रं एकेक करून पुढे धरत रामायण-महाभारतातल्या कथा गाऊन सांगत आले. ह्या कलेचा वारसा जपणाऱ्या परशुराम गंगावणे ह्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. समोर बसलेल्यांना अक्षरओळख असो वा नसो, चित्र आणि आवाज मिळून गोष्ट पोचवीत असत.

युरोपात कोमेनिअस नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ साली मुलांसाठी चित्रांचं पाठ्यपुस्तक काढलं. त्यात अक्षरांची ओळख प्राण्यांच्या आवाजांवरून करून दिली होती. 'आ'साठी त्याने चक्क ओरडणारा कावळा घेतला! साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी त्या माणसाला कळलं होतं, की मुलाला आधी कावळा भेटतो, अक्षर नंतर.

आणि आपल्या अमरावतीशी नातं असलेल्या ताराबाई मोडक! लग्नानंतर काही वर्षं त्या अमरावतीत होत्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाला वाहून घेतलं. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. बोर्डीला आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी त्यांनी अनुताई वाघांना सोबत घेऊन काम उभं केलं. मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, ही त्यांची रीत. आज गावोगावी आपण सहज 'अंगणवाडी' म्हणतो, तो शब्द ह्याच कामातून आलेला आहे. मुलाच्या अंगणापासून सुरुवात करायची, हे सूत्र मी पुस्तकं निवडताना मनाशी धरलं.

पुस्तक कसं पारखावं?

साडी घेताना आपण पदर पाहतो, काठ पाहतो, रंग जाईल का विचारतो. पुस्तकाचीही अशीच पारख करता येते. मी वापरलेल्या कसोट्या सांगते.

पहिली आणि सगळ्यांत महत्त्वाची कसोटी म्हणजे हाताने शब्द झाकून टाका आणि नुसती पानं उलटा. काही घडतंय असं वाटतं का? 'पुढे काय?' असं मनात येतं का? बैलाचं चित्र आणि खाली 'बैल' एवढंच असेल, तर तो चित्रतक्ता झाला, चित्रपुस्तक नव्हे. खऱ्या चित्रपुस्तकात चित्र शब्दांपेक्षा थोडं जास्त जाणतं. समजा, शब्द म्हणताहेत 'सगळे गाढ झोपले' आणि चित्रात स्वयंपाकघराच्या दारातून मांजराची शेपटी दिसते आहे! ती शेपटी मास्तरांच्या आधी मुलांना दिसते. जे मुलाला सापडतं, ते सांगितल्याशिवाय त्याला राहवत नाही. वर्गातल्या मुक्या मुलाला बोलतं करणारी शेपटी ती हीच!

दुसरी कसोटी अंतराची. पुस्तक खुर्चीवर उघडून ठेवा आणि पाच-सहा पावलं मागे जा. मागच्या ओळीत बसलेल्या पोराला तेवढंच दिसणार आहे. चित्रात फार गर्दी असेल तर ते पुस्तक घरात मांडीवर घेऊन पाहायला उत्तम, वर्गासाठी नाही.

तिसरी, मोठ्याने वाचून पाहा. दुकानदार हसला तर हसू द्या. भाषांतरित पुस्तकांत कधीकधी अशी वाक्यं असतात की जीभ अडखळते. आपल्याला जे सरळ म्हणता येत नाही, ते मुलांच्या कानाला काय गोड लागणार?

चौथी, चित्रांत कोण कोण आहे ते बघा. प्रत्येक पुस्तकात आई ओट्याशी आणि बाबा पेपर वाचत खुर्चीत, असं तर नाही ना? आमच्या वर्गातल्या निम्म्याअधिक आया दिवसभर वावरात राबतात. त्यांच्या मुलांना आपल्या आईसारखी आई कुठल्या तरी पानावर भेटायला हवी. प्रत्येक घराला उतरतं छप्पर आणि दारात नारळ, असंही नको. अर्थात सगळीच पुस्तकं आपल्याच गावची असावीत असं नाही. समुद्र, बर्फ, आगगाडी, उंच इमारती हेही मुलांना हवंच असतं. थोडं माहेरचं, थोडं परमुलखातलं असा मेळ साधावा.

पाचवी, शेवटचं पान आधी वाचा. तिथे 'म्हणून मुलांनो, नेहमी खरे बोलावे' असं असेल तर खुशाल परत ठेवा. मुलं गोष्टीला येतात आणि तात्पर्याला उठून जातात, हा माझा रोजचा अनुभव आहे.

सहावी कसोटी आपल्या गृहिणींच्या नजरेची. मधली शिवण ओढून बघा, पिना गंजक्या आहेत का पाहा, कागद इतका चकचकीत नको की खिडकीचा उजेड पडून चित्रच दिसू नये.

कुठली पुस्तकं घेतली, हे तुम्ही विचारणारच. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची माधुरी पुरंदरे ह्यांची पुस्तकं घेतली. त्या स्वतः लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात. त्यांची 'यश'ची पुस्तकं किंवा 'राधाचं घर' वाचताना घरातलंच कोणी बोलतंय असं वाटतं. बालसाहित्यातल्या त्यांच्या कामासाठी २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. नॅशनल बुक ट्रस्ट ही १९५७ साली स्थापन झालेली सरकारी संस्था. तिची नेहरू बाल पुस्तकालय मालेतली पुस्तकं मराठीत आणि स्वस्त मिळतात. बंगळुरूच्या प्रथम बुक्सची पुस्तकंही खिशाला परवडणारी. त्यांवर वाचनाच्या पायऱ्या दिलेल्या असतात, पहिली सगळ्यांत सोपी आणि चौथी सरावलेल्या वाचकासाठी. ह्याच संस्थेने २०१५ पासून 'स्टोरीवीव्हर' नावाने आपली पुस्तकं मोबाइलवर फुकट खुली केली आहेत. ती वाचायची, छापून घ्यायची, आपल्या बोलीत भाषांतरही करायची, सगळ्याला मोकळीक! चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाची मराठी पुस्तकंही मला आवडली. थोड्या मोठ्या मुलांसाठी बालभारतीचं 'किशोर' आहेच. १९७१ पासून हे मासिक निघतं आहे. तुमच्यापैकी कितीतरीजणी त्यावरच वाढल्या असतील.

पुस्तक आणलं, पुढे काय?

इथेच खरी गंमत आहे. चांगलं पुस्तक आणूनही ते वाईट रीतीने शिकवता येतं! गोष्ट संपल्या-संपल्या 'मांजराचा रंग कोणता? उंदीर किती होते? गोष्टीवरून काय बोध घ्याल?' अशी सरबत्ती सुरू केली की पुस्तकाचं धड्यात रूपांतर झालंच म्हणून समजा.

मी शिकवण्याची रीत कुठून घेतली सांगू? आमच्याच जिल्ह्यातल्या गाडगेबाबांकडून! शेंडगावला १८७६ साली जन्मलेल्या ह्या माणसाला शाळा ठाऊक नव्हती, पण कीर्तनात ते समोरच्या हजारो माणसांना आपल्या वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारीत आणि उत्तरासाठी थांबत. लोक उत्तर देत, बाबा त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न काढीत. उपदेश माणसाच्या स्वतःच्याच तोंडून बाहेर पडत असे. चित्रपुस्तकाचंही अगदी तसंच आहे. विचारायचं आणि थांबायचं. थांबणं फार कठीण जातं बरं का! आपल्याला घाई असते, तासाची घंटा होणार असते. पण मनातल्या मनात सावकाश दहापर्यंत आकडे मोजले की सातव्या-आठव्या आकड्याला कुठलं तरी पोर तोंड उघडतंच.

मी पुस्तक छातीशी न धरता बाजूला, मुलांकडे तोंड करून धरते. आधी मुखपृष्ठ दाखवून 'कशाची गोष्ट असेल?' एवढंच विचारते. मग एकदा न थांबता पूर्ण वाचते. गोष्टीचा ओघ तोडायचा नाही. दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक पुन्हा, आणि आता मात्र प्रत्येक पानावर रेंगाळायचं. 'काय दिसतंय?' आणि 'कशावरून?' हे दोनच प्रश्न. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलांना वाक्यं पाठ झालेली असतात. ती अक्षरांवर बोट फिरवत ती वाक्यं म्हणतात आणि म्हणता म्हणता बोटाखालचे शब्द ओळखू लागतात. मग पुस्तकं वर्गात दोरीवर चिमट्यांनी टांगते. ज्याला हवं त्याने घ्यावं, पुन्हा टांगावं. कपाटात कुलपाखाली ठेवलेलं पुस्तक आणि डब्यात ठेवलेलं बियाणं, दोन्ही उगवत नाहीत.

आणि भाषा? ही गोष्ट मला सगळ्यांत जिव्हाळ्याची वाटते. बैलगाडीचं चित्र दाखवलं की आमची मुलं एका सुरात म्हणतात, "मॅडम, हे त बंडी होय!" शेताला ती वावर म्हणतात, कोथिंबिरीला सांबार, टोमॅटोला भेदरं. डोळ्याचा डोया होतो, काळ्याचा काया. अशा वेळी "बंडी नाही, बैलगाडी म्हण" असं म्हटलं, की मूल बैलगाडी शिकतं खरं, पण त्याबरोबर 'माझ्या घरी बोलतात ते चूक असतं' हेही शिकतं. मग ते चूक होण्याच्या भीतीने बोलायचंच सोडतं. मी म्हणते, "बरोब्बर, बंडीच! ह्या पुस्तकात तिला बैलगाडी म्हटलंय." फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिते. एका शब्दाच्या जागी दोन मिळाले, तोटा कुठे आहे? पुस्तकातली अक्षरं प्रमाण मराठीत असतात, पण चित्राला बोली नसते. चित्र पाहून मूल ज्या भाषेत बोलेल ती बरोबर. म्हणून तर पहिलीच्या वर्गात मला चित्रपुस्तकासारखं दुसरं साधन दिसत नाही.

एक उदाहरण सांगते. एरिक कार्ल ह्या अमेरिकन चित्रकाराचं एका खादाड सुरवंटाचं पुस्तक १९६९ साली निघालं आणि जगभर गेलं. सुरवंट खात खात जातो, पानांना खरोखरीची भोकं पडलेली असतात, आणि शेवटी त्याचं सुंदर फुलपाखरू होतं. माझ्या नणंदेकडची इंग्रजी प्रत आणून मी चित्रं दाखवत आपल्या भाषेत गोष्ट सांगितली. शहरातली मुलं त्या सुरवंटाला पाहून 'किती गोड!' म्हणत असतील. आमच्याकडे कोपऱ्यातून आवाज आला, "याले त बोंडअळी म्हणते, मॅडम. फवारा मारा लागते!" कसं नाही म्हणणार? २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातल्या कपाशीची काय दशा केली, ते ह्या मुलांच्या घरांनी सोसलेलं आहे. पण शेवटचं पान आलं आणि एका मुलीने विचारलं, "मंग बोंडअळीचंबी पाखरू होते का?" कधी न बोलणारा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "हाव, होते. आमच्या वावरात सापळे टांगले हायेत. त्याच्यात रात्री पाखरं फसते." कामगंध सापळा कसा असतो, मादीचा वास म्हणून नर पतंग आत कसे येतात, हे त्या सात वर्षांच्या पोराने बापाकडून ऐकलेलं सगळं हातवारे करून सांगितलं. त्या दिवशी वर्गाला विज्ञान त्यानेच शिकवलं. पुस्तकात ह्यातलं एक अक्षरही नव्हतं!

'कुला'

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावासा वाटला, तो सांगते. हरभरा सोंगायच्या दिवसांत मेळघाटातून, चिखलदरा आणि धारणी तालुक्यांतून, कोरकू कुटुंबं आमच्याकडे मजुरीला उतरतात. वावराच्या कडेला पाल ठोकून राहतात. गेल्या हंगामात अशाच एका कुटुंबातली मुलगी काही आठवडे आमच्या वर्गात बसायला आली. तिला मराठी जेमतेम समजे, बोलता येत नसे. कोरकू ही मराठीहून अगदी वेगळ्या कुळातली भाषा. आमच्यापैकी कोणालाच ती येत नव्हती. पोर दाराशी बसायची आणि घंटा झाली की उठून जायची. पटावर नावही पक्कं नाही, महिन्या-दीड महिन्यात निघून जाणारं लेकरू, त्याला शिकवायचं तरी काय, असाच सगळ्यांचा सूर होता.

एके दिवशी मी वाघाच्या गोष्टीचं पुस्तक उघडलं. पानभर पट्टेरी वाघ! आणि दाराशी बसलेली ती पोर एकदम मोठ्याने म्हणाली, "कुला!"

आपल्याकडे ह्या शब्दाचा अर्थ काय, ते तुम्हांला ठाऊकच आहे. वर्गात हास्याचा जो स्फोट झाला! पोरं बाकांवर लोळायची बाकी राहिली. ती मुलगी गोरीमोरी झाली. मी काही न बोलता पुस्तक घेऊन तिच्याजवळ गेले आणि खाली बसले. तिने चित्रावर बोट ठेवलं आणि अगदी हळू पुन्हा म्हणाली, "कुला." बोट वाघाच्या कपाळावर होतं. मी उठून फळ्यावर लिहिलं, 'वाघ – कुला', बंडी आणि बैलगाडीच्या बरोबर खाली. वर्गाला म्हटलं, "ही ज्या डोंगरातून आली तिथे खरे वाघ आहेत. तुमच्यापैकी कोणी खरा वाघ पाहिलाय? नाही ना? मग वाघाला काय म्हणतात ते तिला जास्त ठाऊक, का तुम्हांला?" हसू विरलं.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील सोडायला आले तेव्हा मोडक्या मराठीत त्यांनीच सांगितलं, की त्यांच्याकडे वाघाला नुसतं कुला नाही, मानाने 'कुला मामा' म्हणतात. वर्गाला हे सांगितलं मात्र, एकच गलका! कारण मांजर वाघाची मावशी हे आमच्या पोरांना पाठ होतं. मग हिचा मामा वाघ, वाघाची मावशी मांजर, म्हणजे मांजर हिची कोण, ह्यावर मधली सुट्टी होईपर्यंत वाद रंगला. ती मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा हसली. पुढे रोज एकेका चित्राला ती आपल्या भाषेतला शब्द सांगू लागली आणि आमचा शब्द आमच्याकडून घेऊ लागली. मुलांनी ते सगळे शब्द चित्रांसकट एका वहीत उतरवले.

होळी हा कोरकूंचा फार मोठा सण. होळीच्या आधी ती मंडळी डोंगरावर परत गेली. जाताना वहीची एक नक्कल मुलांनी तिला दिली. ती तिकडे कुठल्या शाळेत बसते, बसते की नाही, मला माहीत नाही. पण आठवडे मोजून आलेल्या लेकरालाही देण्यासारखं काहीतरी शाळेजवळ असू शकतं, एवढं आम्हांला कळलं.

शंका आणि समाधान

"मॅडम, पोट्टं घरी चित्रंच पाहून राह्यलं, अभ्यास कवा करीन?" अशी तक्रार घेऊन एक आई आली होती. तिला सांगितलं तेच तुम्हांला सांगते. २०२१ साली केंद्र सरकारने 'निपुण भारत' हा कार्यक्रम काढला. तिसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता आलं पाहिजे, हा त्याचा हेतू. त्यात 'समजून' हा शब्द महत्त्वाचा. क-म-ळ असं एकेक अक्षर ओढत वाचणारं मूल ओळीच्या शेवटी आलं की ओळीची सुरुवात विसरतं. चित्रामुळे अर्थाचा धागा त्याच्या हाती राहतो, म्हणून ते पुढचं अक्षर ओळखायला धीर धरतं. बाराखडी नको असं मी कधीच म्हणणार नाही. ती रोज घेतेच. पण बाराखडी म्हणजे चूल आणि गोष्ट म्हणजे भाकर. नुसती चूल पेटवून कोणाचं पोट भरलंय?

"पुस्तकं फाटतात हो!" ही दुसरी तक्रार. फाटणारच! न फाटलेलं पुस्तक म्हणजे न वाचलेलं पुस्तक. शिवणीवर जुन्या सुती साडीची दोन बोटं रुंद पट्टी मैद्याच्या पातळ खळीने चिकटवावी आणि रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवावी. पुस्तक आणखी एक वर्ष निघतं. खळीत चिमूटभर हळद घातली तर कीड कमी लागते, असं आमच्या सासूबाईंचं म्हणणं.

सासूबाईंवरून आठवलं. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. घरी आणलेल्या पुस्तकांना आधी हात लावायच्या नाहीत, 'मले काय कयते त्यातलं!' म्हणून. एकदा धाकटा हट्टाने त्यांच्या मांडीवर पुस्तक घेऊन बसला. चित्रं पाहता पाहता त्यांनी आपल्या वऱ्हाडीत अशी काही गोष्ट रचली, की मीही पोळ्या लाटायच्या थांबून ऐकत राहिले. नंतर मला म्हणाल्या, "अवं, मले वाचता येत नाही, पन हे त मले वाचता येते!" तेव्हापासून संध्याकाळची वीस मिनिटं आजी-नातवाची. ज्या घरात आजी-आजोबा आहेत आणि ज्यांना 'आम्ही अडाणी' असं वाटतं, त्या घरात तर चित्रपुस्तक जरूर आणा. शिकलेल्या आणि न शिकलेल्या माणसाला एकाच पानावर बसवणारी वस्तू घरात दुसरी कुठली आहे?

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी कोणाच्या मुलाच्या वाढदिवसाला जाल तेव्हा प्लॅस्टिकची मोटार घेण्याआधी पुस्तकांच्या दुकानात डोकवा. शंभर रुपयांच्या आत चांगलं चित्रपुस्तक मिळतं. शब्द झाकून पाहा, मोठ्याने वाचून पाहा, शेवटचं पान तपासा. तुमच्या मुलांच्या शाळेत पालकसभा असेल तेव्हा फी आणि गणवेशाबरोबर एवढंही विचारा, की लहान मुलांच्या वर्गात मुलांचा हात पोचेल अशी किती पुस्तकं आहेत? आणि मूल घरी पुस्तक उघडून बसलं, की 'काय लिहिलंय?' ह्याच्याऐवजी 'काय दिसतंय?' असं विचारा. मग जरा थांबा. हातातली भाजी निवडत बसा हवं तर, पण थांबा. ते बोलेल.